वाघ आला खरा, पण डुकराच्या फाशाचं काय?

२०२५च्या नोव्हेंबरात ताडोब्यातून एक वाघीण चांदोलीत आणली गेली आणि शिराळा-पाटण पट्ट्यातल्या टपऱ्यांवर गप्पांना नवा विषय मिळाला. एवढ्या लांबून वाघीण आणायची गरज काय? उसात शिरली तर? आणि शिकारी तिला टिकू देतील का?

शिकारी म्हटलं की रायफल घेऊन जीपमधून हिंडणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. सह्याद्रीतला धोका तसा दिसत नाही. तो मोटारसायकलच्या क्लच वायरच्या तुकड्यासारखा दिसतो. ती वायर फास म्हणून लावणाऱ्याच्या मनात वाघ नसतोच, त्याला डुक्कर हवं असतं. म्हणून वाघाचं काय होणार हे कळायला आधी ही वायर समजून घ्यावी लागते, आणि मग ती लावणारा पकडला गेला तरी कोर्टातून सुटतो कसा, तेही.

## नर चालत आले, मादी का आली नाही?

सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये जाहीर झाला. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून तो बनला. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत त्याचं साधारण १,१६५ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. त्यातलं सुमारे ६०० चौरस किलोमीटर ‘गाभा’, म्हणजे वाघासाठी राखलेलं जंगल. भोवतालचा पट्टा ‘बफर’, तिथे गावं आणि शेतीही आहे.

या जंगलात वाघ अधूनमधून दिसत होता. २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये तो कॅमेऱ्यात आला. हे कॅमेरे वाटेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याच्या उंचीवर, जोडीनं बांधतात. वाघाच्या डाव्या अंगावरचे पट्टे उजव्यासारखे नसतात, त्यामुळे एकाच बाजूचा फोटो मिळाला तर एका वाघाचे दोन मोजले जाण्याची भीती असते.

नर वाघ वयात आला की आईची हद्द सोडतो आणि शेकडो किलोमीटर चालू शकतो. कर्नाटकातल्या काळी व्याघ्र प्रकल्पापासून गोव्याच्या सीमेवरची रानं, तिलारी, राधानगरी अशी जंगलाची तुटक साखळी आहे. तिच्या आधारानं नर इथवर पोचतात. मादी मात्र सहसा आईच्या शेजारीच आपली हद्द मांडते. दोन जंगलांमध्ये दहा-वीस किलोमीटर उघडी शेती आली, तरी ती सहसा ओलांडत नाही. मादी आपोआप येण्याची वाट बघत बसलो असतो तर कदाचित पिढी गेली असती.

बाहेरून वाघ आणून ते पुन्हा उभे करण्याचा प्रयोग राजस्थानात सरिस्काला २००८ मध्ये सुरू झाला. तिथले सगळे वाघ शिकारीत संपल्याचं २००५ मध्ये उघड झालं होतं. मध्य प्रदेशातल्या पन्नामध्येही तेच करावं लागलं. या दोन्ही ठिकाणांवरून एवढं कळतं की वाघ बाहेरून आणता येतो. आधीचे का संपले ते कारण मात्र जागेवरच खणून काढावं लागतं.

## व्याज खा, मुद्दल नको

प्रौढ वाघ साधारण आठवड्याला एक मोठं जनावर मारतो. वर्षाचे पन्नासेक झाले. सांबर, भेकर, गवा, डुक्कर अशा खुरवाल्या प्राण्यांपैकी वर्षाला दहात एक वाघानं नेला तरी बाकीची पैदास ती तूट भरून काढते, असा अभ्यासकांचा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे एका वाघामागे रानात पाचशे जनावरं हवीत. आठ वाघ धरले तर चार हजार.

पतसंस्थेतल्या ठेवीसारखंच हे आहे. व्याजावर घर चालतं, मुद्दलाला हात लागला की दोन-तीन वर्षांत पासबुक कोरं. गावोगाव रात्री बॅटरी लावून भेकर मारायचं, वाटे घालायचे, हे किरकोळ वाटतं. पण ते मुद्दलातूनच जातं. शिवाय ठेव इथे मुळातच लहान आहे. कोयनेच्या दाट, ओल्या रानात गवत कमी, त्यामुळे हरणांची दाटी विदर्भासारखी नसते. म्हणून तर कडेगावकडच्या सागरेश्वर अभयारण्यातून चितळ उचलून चांदोलीत नेले. सागरेश्वर म्हणजे उजाड डोंगरावर माणसांनी उभं केलेलं जंगल. तिथली वाढलेली हरणं आता सह्याद्रीचं भांडवल झाली आहेत.

सावज कमी झालं तर वाघ उपाशी मरत बसत नाही. तो गोठ्याकडे वळतो. मग रानात भेकर मारणारा एकीकडे आणि रेडकू गेलेला दुसरीकडे, असं एकाच गावात दोघं असतात. दुसऱ्याच्या नुकसानीचं मूळ पहिल्याच्या ताटात असतं, पण शिव्या खातो तो वाघ.

## फासा लावला डुकराला, अडकला कोण?

फाशाची रचना अगदी साधी असते. क्लच किंवा ब्रेकची वायर अनेक बारीक तारांच्या पिळाची असते. ती वाकते, पण तुटत नाही. एका टोकाला सरकगाठ, दुसरं टोक झाडाच्या बुंध्याला किंवा खुंट्याला. कुंपणात, ओढ्याच्या काठाला, उसाच्या बांधावर जिथे जनावरांची रोजची वाट असते तिथे ती टांगतात आणि आजूबाजूला काट्या टाकून वाट अरुंद करतात.

डुक्कर डोकं खाली घालून घुसतं, फास मानेला बसतो. बिबट्या वाकून येतो, पुढचे पाय आणि खांदे फासातून पार होतात आणि वायर कमरेला आवळते. जितकी धडपड तितका फास घट्ट. सकाळी लोक जमतात, आरडाओरडा होतो, जनावर आणखी झटे देतं. अशा वेळी बाहेरून जखम करदोट्याएवढी दिसते, पण आत आतडी दबलेली असतात आणि मागच्या भागाचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. वायर कापून जनावर लगेच सोडून दिलं तर काही दिवसांनी ते झुडपात मेलेलं सापडू शकतं. म्हणून बेशुद्ध करून, फास काढून, पशुवैद्य त्याला निरीक्षणाखाली ठेवतात. ‘सोडत का नाहीत लवकर’ असा घोषा लावणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

दुसरा प्रकार गावठी बाँबचा. चरबी किंवा पिठाच्या गोळ्यात स्फोटक भरतात, चावलं की फुटतं. डुक्कर जागेवर पडलं तर मिळालं, नाही तर जबडा उडालेलं जनावर आठवडाभर न खाता-पिता मरतं. तो गोळा गुराखी पोरं किंवा कुत्रीही उचलतात.

तिसरं विष. वाघ मारलेलं जनावर एका बैठकीत संपवत नाही, उरलेल्यासाठी परत येतो. गाय गेलेल्या माणसानं रागाच्या भरात त्या मढ्यावर शेतातलं कीटकनाशक टाकलं की एकाच वेळी वाघ, तरस, कोल्हे, गिधाडं सगळेच जातात. आणि चौथी वीज. तिच्यासाठी वेगळं सांगावं लागेल.

## झटका मशीन आणि आकडा: दोन्ही वीजच ना?

वीजच, पण फरक जगण्या-मरण्याचा आहे. झटका मशीन साधारणपणे बॅटरीवर चालतं. ते तारेत काही हजार व्होल्टचा ठोका सोडतं, पण सेकंदा-सव्वा सेकंदातून एकदा, आणि तोही सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याहून कमी वेळ. अंग झिणझिणतं, स्नायू आखडतात, आणि पुढचा ठोका येईपर्यंत सुटायला वेळ मिळतो. जनावर घाबरून मागे फिरतं.

आकड्यात तसं नाही. मोटारीच्या वायरिंगमधून किंवा खांबावरून घेतलेला २३० व्होल्टचा प्रवाह सलग वाहतो. स्नायू आवळलेले ते आवळलेलेच राहतात, हात किंवा पाय तारेवरून सुटत नाही आणि हृदय बंद पडतं. यात वाघ मेला की बातमी होते. रात्री पाण्याची पाळी द्यायला गेलेला शेजारी मेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होऊ शकतो. ‘डुकरासाठी लावली होती’ हा बचाव तिथे चालत नाही.

अशा झटक्याच्या सौर कुंपणासाठी राज्याची श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे. कुंपण घेतल्यावर मात्र खालचं गवत दर पंधरवड्याला कापावं लागतं. ओलं गवत तारेला टेकलं की ठोका जमिनीत उतरतो आणि लोक म्हणतात, मशीन भंगार निघालं. अर्थिंगचा गज कोरड्या मुरमात ठोकला तरी तेच रडगाणं.

## कायदा कशाला शिकार म्हणतो?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. त्यात ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणं नव्हे. फासा लावणं, पकडणं, विष घालणं, हाकारा करून पळवणं, आमिष ठेवणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं शिकारच. रिकामा फासासुद्धा गुन्हा आहे. हे ऐकून गावात हसतात, पण लिहिलेलं तसंच आहे.

कायद्याला जोडलेल्या प्राणी-वनस्पतींच्या याद्यांना ‘अनुसूची’ म्हणतात. २०२२च्या दुरुस्तीनंतर त्या चारच उरल्या. पहिल्या अनुसूचीत सर्वांत कडक संरक्षण आहे. वाघ, बिबट्या, खवले मांजर, घोरपड त्यातच येतात. त्यातल्या प्राण्याच्या शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद, शिवाय किमान २५,००० रुपये दंड. गुन्हा व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात घडला तर दंड ५०,००० पासून २ लाखांपर्यंत. अशाच गाभ्यातल्या गुन्ह्यात दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान ७ वर्षं. पैसे भरून तडजोड करण्याची सोय या प्राण्यांसाठी नाही.

अवयव जवळ बाळगणंही गुन्हाच. आणि इथे कायद्याची रीत उलटी आहे. एरवी आरोप सरकारनं सिद्ध करायचा असतो. वाघाचं कातडं किंवा नख कुणाच्या ताब्यात सापडलं, तर ते बेकायदाच आहे असं गृहीत धरतात आणि कायदेशीर असल्याचं त्यानं दाखवायचं.

मग वाड्याच्या भिंतीवरच्या पणजोबांच्या कातड्याचं काय? अशा जुन्या वस्तू जाहीर करायला २००३ मध्ये १८० दिवसांची मुदत दिली होती. ज्यांनी नोंद करून मालकीचं प्रमाणपत्र घेतलं त्यांचं ठीक. नसेल तर वनखात्याला कळवणं हा रस्ता, गुपचूप विकणं हा तुरुंगाचा. (साताऱ्याच्या संग्रहालयात २०२४ मध्ये लंडनहून आलेली वाघनखं म्हणजे पोलादी हत्यार. त्यांच्यावर हे कलम लागत नाही, हेही एकदा सांगून टाकलेलं बरं.)

नखांच्या बाजारात नकली माल भरपूर असतो. बैलाच्या शिंगाचं किंवा खुराचं नख घासून-रंगवून पिवळसर करतात. माल नकली निघाला की वन्यजीव कायद्याची केस कोसळते, उरते फसवणूक. ‘हत्ताजोडी’ नावाची मुळी तर पूजेच्या साहित्यात विकली जाते. ती झाडाची मुळी नसून घोरपडीच्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. मांडूळ दुतोंडी नसतं, शेपूट बोथट असल्यामुळे तसं वाटतं, आणि ते गुप्तधन दाखवत नाही, उंदीर खातं.

## सापडला होता, मग सुटला कसा?

समजा, ढेबेवाडी खोऱ्यात रात्रीच्या गस्तीत दोघे सापडले. ठासणीची बंदूक, कोयता, बॅटरी आणि पोत्यात सांबराचं मांस. लोकांच्या मते केस इथेच संपली. खरं तर इथून ती सुरू होते आणि पहिल्या दोन तासांत निम्मी ठरून जाते.

वनरक्षक जागेवर पंचनामा करतो, जप्ती करतो आणि ‘प्राथमिक गुन्हा अहवाल’ फाडतो. त्याला खात्यात सगळे पीओआर म्हणतात. प्रत्येक वस्तू वेगळ्या पाकिटात, लाखेच्या सीलनं बंद, पंचांच्या सह्यांसह. मांसाचा थोडा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवायचा. फॉर्मालिनमध्ये टाकला तर डीएनए खराब होतो, आणि मांस सांबराचं की बोकडाचं हे डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेला किंवा हैदराबादच्या सीसीएमबी या प्रयोगशाळेला सांगणं कठीण होतं. आरोपीचा वकील पहिल्यांदा हेच विचारणार.

चुका कुठे होतात? कोयता आणि मांस एकाच पोत्यात भरलं की कोयत्यावरचं रक्त कुठून आलं ते सांगता येत नाही. पंचनामा दुसऱ्या दिवशी कचेरीत बसून लिहिला की त्यातली वेळ आणि गस्तीच्या ॲपमधली वेळ जुळत नाही. पाकिटावरचं सील आणि लॅबला पाठवलेला सीलचा नमुना वेगळे निघतात. आरोपीच्या मोबाईलमधले फोटो छापून जोडले, पण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लावलं नाही, तर ते फोटो पुरावा म्हणून उभे राहत नाहीत.

कबुलीजबाबाचीही एक गंमत आहे. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. वन्यजीव कायद्यात मात्र सहायक वनसंरक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यानं, आरोपीच्या समक्ष नोंदवलेला पुरावा खटल्यात ग्राह्य धरता येतो. पण तो वनरक्षकानंच लिहून घेतला आणि साहेबांची सही मागाहून झाली, तर ही ताकद गेली.

मग वेळेची शर्यत. आरोपी कोठडीत असेल आणि ६० दिवसांत प्रकरण कोर्टात दाखल झालं नाही, तर जामीन हा त्याचा हक्क होतो. डीएनए अहवाल त्या आत आला नाही तरी बाकीच्या कागदांवर तक्रार दाखल करून ठेवायची असते. ‘तक्रार’ हा शब्द इथे मुद्दाम वापरला. या गुन्ह्यांत वनाधिकारी थेट न्यायदंडाधिकाऱ्यापुढे तक्रार मांडतो, पोलिसांसारखं दोषारोपपत्र नसतं. आणि तक्रारीवरच्या अशा खटल्यात साक्षी दोनदा होऊ शकतात, एकदा आरोप निश्चित होण्याआधी आणि पुन्हा नंतर. तोवर वनरक्षकाची बदली गडचिरोलीला झालेली असते, पंच त्याच गावचा असल्यामुळे फितूर होतो, आणि बंदूक कुठल्या कोठारात ठेवली तेच कुणाला आठवत नाही.

माझ्या मते शिक्षा आणखी कडक करून इथे फार काही साधणार नाही. सात वर्षांची तरतूद पुरेशी आहे. पंचनाम्याचं नीट प्रशिक्षण, सीलचं सामान आणि केस शेवटपर्यंत पाहणारा एक माणूस, हे जास्त कामाचं.

## गावच्या फाशाचा आणि परदेशच्या बाजाराचा संबंध काय?

वाघाच्या हाडांना आणि कातड्याला देशाबाहेर गिऱ्हाईक आहे. पारंपरिक औषधांच्या नावाखाली हाडं खपतात, चीननं १९९३ मध्ये त्यांच्या व्यापारावर बंदी घातली तरीही चोरवाटा उरल्या. या साखळ्यांवर नजर ठेवायला केंद्रानं २००७ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरो उभा केला.

डुकराचा फासा लावणारा या साखळीत नसतो. पण एके सकाळी फाशात भलतंच मेलेलं दिसतं. आता वनखात्याला कळवलं तर तुरुंग, पुरलं तर वास. मग कुणीतरी म्हणतो, ‘माझ्या ओळखीचा एक जण नखं घेतो.’ तिथे अपघाताचा धंदा होतो आणि गावातला एक फोन नंबर दलालाच्या वहीत चढतो. पुढच्या वेळी तो दलाल मागणी घेऊनच येतो.

म्हणून वाघ कुठेही मेलेला सापडला, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो शिकारीचाच बळी धरावा, असा राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा नियम आहे. जागा बंद करतात, आसपास धातुशोधक फिरवतात, शवविच्छेदनाचं चित्रीकरण होतं, आणि नखं, दात, कातडं सगळं जागेवर असल्याची नोंद करून शव जाळून टाकतात, म्हणजे अवयव बाजारात जायला उरतच नाहीत.

## ‘आमच्या शेताचं, गुरांचं काय?’

ही तक्रार खोटी नाही. कोयना आणि वारणेच्या धरणांनी या खोऱ्यांतली गावं एकदा उठवली, आणि मग अभयारण्यानं पुन्हा. त्या माणसाला ‘वाघ वाचवा’ सांगायला जाताना आवाज खाली ठेवलेलाच बरा.

तरी हातात असलेलं सोडू नये. वाघ-बिबट्यानं जनावर मारलं तर ४८ तासांच्या आत जवळच्या वनकर्मचाऱ्याला कळवा, मढं हलवू नका, फोटो काढून ठेवा. जनावर ओढून ओढ्यात टाकलं की दात कुठे लागले ते दिसत नाही आणि पंचनामा लंगडा होतो. भरपाई बाजारभावाच्या ७५ टक्के, ठरवून दिलेल्या कमाल रकमेपर्यंत मिळते. पिकाच्या नुकसानीचाही अर्ज असतो. डुकरांचा त्रास हाताबाहेर गेला तर कायद्याच्या कलम ११ नुसार अधिकृत अधिकारी त्यांना मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. ती मिळायला वेळ लागतो, हे खरं. पण परवानगीनं केलेली कारवाई ठरलेल्या डुकरावर होते. फाशाला डुक्कर आणि वाघ यांतला फरक कळत नाही.

## फासा दिसला तर

उपटून फेकू नका. लावणारा तो पुन्हा लावेल आणि पुरावा जाईल. हात न लावता दोन फोटो काढा. एक जवळून, गाठ आणि वायर दिसेल असा. दुसरा लांबून, झाड किंवा बांध ओळखू येईल असा. मोबाईलचं लोकेशन चालू ठेवा. मग वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा आणि गाव, ओढ्याचं नाव, जवळची खूण सांगा. जनावर जिवंत अडकलेलं असेल तर ते आधी सांगा, लोकांना शंभर पावलं मागे सरकवा आणि कुत्री बांधायला लावा. गर्दी जितकी लांब, तितका फास कमी आवळतो.